संकट, तीन अक्षरी



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस शब्दकोड्यावर काय बोलणार, असं विषय वाचून काहींना वाटलं असेल. तर बोलायचं आहे एका अगदी छोट्या गोष्टीवर. वर्तमानपत्रातल्या कोड्यात आडव्या शब्दांच्या यादीत 'संकट' असं लिहिलेलं असतं आणि समोर तीन रिकामी घरं असतात. आपण पेन उचलतो आणि लिहितो 'आपत्ती'. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून येतं 'अरिष्ट'. आपण म्हणतो, "ठीक आहे, दोन्हीचा अर्थ एकच." आजच्या व्याख्यानात आपल्याला एवढंच तपासायचं आहे: दोन्हीचा अर्थ खरंच एक आहे का? आणि नसेल, तर कोड्याच्या बाहेर, घरात आणि गावात, त्याने काही फरक पडतो का?

आधी कोड्याची रचना पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आज आपण ज्याला क्रॉसवर्ड म्हणतो ते २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात पहिल्यांदा छापलं गेलं. करणारे होते आर्थर विन, मूळचे इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे. त्यांच्या कोड्याचा आकार हिऱ्यासारखा होता आणि नाव होतं 'वर्ड-क्रॉस'. इंग्रजीत एका घरात एक लिपिचिन्ह बसतं. मराठीत मात्र एका घरात एक पूर्ण अक्षर बसतं: स्वरचिन्हासकट, जोडाक्षरासकट, अनुस्वारासकट. म्हणून 'संकट'ची घरं तीन: सं, क, ट. 'आपत्ती'चीही तीनच: आ, प, त्ती. 'दुःख' दोन घरांत मावतं आणि 'शुक्लकाष्ठ' एवढा जड शब्द, तोही चारच घरांत बसतो.

यातून मराठी कोड्याची एक गंमत तयार होते. इंग्रजीत अक्षरं सव्वीस, त्यामुळे आडवा आणि उभा शब्द एकमेकांना सहज छेदतात. मराठीत 'ती', 'ति' आणि 'त्ती' ही तीन वेगळी घरं आहेत. छेदणाऱ्या शब्दात नेमकं तेच अक्षर, त्याच मात्रेसह हवं. म्हणून चांगला कोडेकार ऱ्हस्व-दीर्घाला फार जपतो. संस्कृतात 'आपत्ति' ऱ्हस्व आहे, मराठीत सुटा शब्द 'आपत्ती' असा दीर्घ लिहायचा आणि समासात 'आपत्तिनिवारण' असा पुन्हा ऱ्हस्व करायचा. या तालुक्यात तर मात्रेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. वरदविनायकाचं महड आपल्या खालापूर तालुक्यात, आणि चवदार तळ्याचं महाड दक्षिणेला, याच जिल्ह्यात. एक काना चुकला तर माणूस भलत्याच गावाला उतरेल.

आता सूचना घेऊ: 'संकट', तीन अक्षरं. मनात येणारे शब्द मांडून बघा. आपत्ती, विपत्ती, आपदा, विपदा, आफत, अरिष्ट, अनर्थ. सात उमेदवार झाले. उभ्या शब्दातून मधलं अक्षर 'प' मिळालं, तर आफत, अरिष्ट आणि अनर्थ गळाले. पण चार अजून शिल्लक आहेत. पहिलं अक्षर 'आ' मिळालं, तर दोन राहिले: आपत्ती आणि आपदा. तिसरं घर भरल्याशिवाय निकाल लागत नाही. सूचना अनेकवचनी असली, 'संकटं' अशी, तरीही सुटका नाही. आफतचं अनेकवचन आफती होतं, अडचणचं अडचणी. पण एक आपत्ती आली काय आणि चार आपत्ती आल्या काय, शब्द तोच राहतो.

म्हणजे कोड्यात शब्द ठरतो तो शेजाऱ्यांमुळे. सूचना फक्त वस्ती सांगते, घर क्रमांक सांगत नाही. ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. अमरकोश हा संस्कृतातला पाठांतराचा कोश, त्यात शब्द अशाच वस्त्यांनी मांडलेले आहेत, त्यांना वर्ग म्हणतात. दुःख, व्यथा, पीडा, बाधा, कष्ट हे शब्द त्यात नरकवर्गात एकत्र येतात. अमरसिंहाने त्रासाच्या शब्दांना राहायला नरक दिला, यात विनोद शोधायला हरकत नाही. पण कोशकार असो की कोडेकार, दोघांनाही एक गृहीत धरावं लागतं: हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात.

चालतात का? साधी परीक्षा आहे. एक शब्द काढा, त्या जागी दुसरा ठेवा आणि कानाला विचारा. "नसती आफत ओढवून घेतली" हे घरात रोज बोललं जातं. "नसती आपत्ती ओढवून घेतली" म्हटलं की कान अडखळतो. "राष्ट्रीय आपत्ती" ही सरकारी भाषा झाली. "राष्ट्रीय आफत" म्हटलं की सभेत हशा पिकेल. "डोक्याला ताप" चालतं, "डोक्याला विपत्ती" चालत नाही. "मनाची व्यथा" चालते, "मनाची कटकट" म्हटलं तर दुसरंच काही समजेल.

जर्मन तत्त्वज्ञ गॉटलोब फ्रेगे यांनी १८९२ मध्ये हा भेद नेमका पकडला. पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा, दोन्ही शब्दांनी दाखवलेली वस्तू एकच आहे, शुक्राचा गोल. पण त्या वस्तूकडे नेणाऱ्या वाटा दोन आहेत. शब्द कशाकडे बोट दाखवतो हे एक, आणि कोणत्या वाटेने दाखवतो हे दुसरं. कोडं पहिल्यावर समाधान मानतं. जगताना मात्र दुसऱ्याकडे पाहावं लागतं.

तर मग या शब्दांच्या वाटा बघू. 'संकट' शब्दाचा संस्कृतातला मूळ अर्थ अरुंद, चिंचोळं, दाटीचं. डोंगरातली अरुंद वाट म्हणजे संकट. साजगावात बसून हे समजायला कष्ट नाहीत, कारण बोरघाट आपल्या डोक्यावर उभा आहे. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता सुरू झाला, १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली, आता द्रुतगती मार्ग आहे. तरीही सुट्टीच्या दिवशी घाटात वाहनं अडकली की संकटाचा मूळ अर्थ काय, हे कुणालाही कोश न उघडता कळतं. वाटसरू घाटातल्या शिंगरोबाच्या देवळापाशी नाणं टाकतात. घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची कथा सांगतात. अरुंद जागेत वाट दाखवणारा भेटला, की माणूस त्याला विसरत नाही.

'अडचण' याच कुळातली. आजही आपण म्हणतो, "खोलीत फार अडचण झाली आहे." म्हणजे सामान दाटलं आहे, हलायला जागा नाही. संकट आणि अडचण दोन्ही जागेच्या टंचाईतून आलेले शब्द. फरक एवढाच, की अडचणीतलं सामान हलवता येतं आणि घाट हलवता येत नाही. म्हणून आपण अडचण 'दूर करतो', आणि संकटातून 'पार पडतो'. क्रियापद बघा, शब्दाचा स्वभाव लगेच कळतो.

'आपत्ती' वेगळ्या वाटेने येते. मूळ धातू 'पद्', म्हणजे जाणं, पडणं. त्याला सम् लागला की संपत्ती, आ लागला की आपत्ती, वि लागला की विपत्ती, उत् लागला की उत्पत्ती. संपत्ती आणि आपत्ती सख्ख्या बहिणी आहेत. कोड्यात त्यांची शेवटची दोन घरंही सारखीच भरतात. दोघींतही काहीतरी माणसाच्या वाट्याला येऊन पडतं. कुणी पाठवलं, ते शब्द सांगत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'अरिष्ट' तर सगळ्यात चमत्कारिक. 'रिष्' म्हणजे इजा होणं. 'अरिष्ट' म्हणजे ज्याला इजा झाली नाही ते, सुरक्षित. आणि त्याच शब्दाला संस्कृतातच अशुभ, संकट असाही अर्थ चिकटला. वैद्याकडे गेलात तर दशमूलारिष्ट म्हणजे औषध. 'त्रास' म्हणजे मुळात भीती, दचकणं. मराठीत त्याची धार बोथट झाली आणि डासांचाही त्रास होऊ लागला. 'उपद्रव' म्हणजे अंगावर धावून येणारं. 'पीडा' म्हणजे दाबणं, पिळणं. 'बला' आणि 'आफत' अरबीतून फारसीच्या वाटेने आल्या आणि इथल्याच झाल्या.

आणि एक शब्द इथलाच आहे, जो कोणत्याही कोड्यात 'संकट' या सूचनेखाली येणार नाही: बोंब. साजगावचा विठोबा 'बोंबल्या विठोबा' म्हणून ओळखला जातो. कार्तिकात यात्रा भरते, सुक्या मासळीचा मोठा बाजार लागतो, म्हणून बोंबलांवरून नाव पडलं असं काही जण म्हणतात. दुसरी कथा तुकोबांची. ते मिरच्या विकायला कोकणात उतरले, लोकांनी माल नेला आणि पैसे दिले नाहीत. तुकोबांनी बोंब ठोकली, आणि विठोबाने धावून येऊन वसुली करून दिली, अशी ती कथा. दोन्हींपैकी कोणती खरी, हा निवाडा आम्ही इथे करणार नाही. कोडेकाराला मात्र यापेक्षा चांगला दुहेरी अर्थ मिळणार नाही.

आम्हाला त्या कथेत वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. बोंब हे संकटाचं नाव नाही. बोंब ही कृती आहे, ती कुणाला तरी बोलावते. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी दाखवून दिलं की आपण शब्दांनी फक्त वर्णन करत नाही, कामं करतो: वचन देतो, माफी मागतो, आरोप करतो. आमचं म्हणणं असं, की त्रासाचे सगळे शब्द थोड्याफार प्रमाणात बोंबच असतात. ते कुणाला तरी हाक मारतात. आणि कोणता शब्द निवडला, यावर हाक कोणाला पोहोचणार हे ठरतं.

आता दोन अक्षरी शब्द घ्या, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. सूचना 'त्रास', घरं दोन. उमेदवार: ताप, कष्ट, व्यथा, पीडा, छळ, जाच, काच, भोग. शेवटचं अक्षर 'च' मिळालं तर जाच किंवा काच. ही यादी कोडं म्हणून न वाचता माणूस म्हणून वाचा, आणि प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारा: हे कुणी केलं?

ताप कुणी मुद्दाम देतो असं नाही, तो होतो. कष्ट आपण स्वतः करतो. व्यथेत फक्त सोसणारा आहे. पण छळ आणि जाच म्हटलं की वाक्यात दुसरा माणूस आलाच पाहिजे. जाच 'कुणाचा' असतो, सासरचा, सावकाराचा, वरिष्ठाचा. करणाऱ्याशिवाय जाच हा शब्द उभाच राहत नाही. आणि भोग? "माझेच भोग" म्हटलं की करणारा पुन्हा आला, पण तो आता सोसणारा स्वतःच आहे, मागच्या जन्मातला.

सांख्यांनी दुःखाचे तीन प्रकार केले, तेही याच प्रश्नावर. आध्यात्मिक, म्हणजे स्वतःच्या शरीर-मनातून येणारं. आधिभौतिक, म्हणजे इतर जीवांकडून, माणसांकडून येणारं. आधिदैविक, म्हणजे ऊन-पाऊस-वीज अशा दैवी शक्तींकडून येणारं. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका या तीन दुःखांपासूनच सुरू होते. वैद्य रोग्याला आधी विचारतो की दुखतं कुठे; सांख्य विचारतात की आलं कुठून. कारण उपाय त्यावर ठरतो.

मग घोटाळा कुठे होतो? एका प्रकारचं दुःख दुसऱ्या प्रकारच्या शब्दात घातलं की होतो. दोन उदाहरणं देतो.

पहिलं घरातलं. मुलगी माहेरी येते, आई विचारते, "सगळं ठीक ना गं?" मुलगी म्हणते, "हो, थोडी कटकट असते, चालायचंच." कटकट हा आवाजावरून आलेला शब्द; भांड्याला भांडं लागतं, तसा. आईला तो शब्द सोयीचा वाटतो, मुलीलाही. पण आत असलेली गोष्ट जाच असेल, तर त्या चार घरांत ती मावणारच नाही. कटकटीला कुणी साक्षीदार शोधत नाही. आपल्या कायद्याला हा भेद करावा लागला आहे. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८-अ कलम आलं आणि नवऱ्याच्या किंवा सासरच्या माणसांच्या क्रूर वागणुकीला गुन्हा हे नाव मिळालं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्याने मारहाणीबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही त्या व्याख्येत घेतला. म्हणजे जे घराघरांत 'कटकट' म्हणून लिहिलं जात होतं, त्याचं अक्षर कायद्याने खोडून दुरुस्त केलं. कायदा आहे; पण दारापर्यंत जायला आधी योग्य शब्द तोंडातून बाहेर पडावा लागतो.

दुसरं उदाहरण डोंगरातलं आहे, आणि ते आपल्याच तालुक्यातलं असल्यामुळे जपून बोलतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. त्याआधी २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातलं तळीये, त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातलं माळीण. तिन्ही वेळा जुलै महिना, तिन्ही वेळा डोंगर, आणि तिन्ही वेळा बातम्यांत शब्द एकच: नैसर्गिक आपत्ती.

आपत्ती म्हणजे येऊन पडलेलं, कुणी पाठवलं ते न सांगणारं, हे आपण मघाशी पाहिलं. त्यात 'नैसर्गिक' जोडलं की उरलेला प्रश्नही मिटतो. पण २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा उघडून पाहा. त्यातली व्याख्या नैसर्गिक कारणाबरोबर मानवनिर्मित कारण धरते, अपघात धरते आणि निष्काळजीपणाही धरते. शिवाय त्या भागातल्या लोकांच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडचं ते आपत्ती, असंही म्हणते. म्हणजे कायद्याच्या लेखी आपत्ती मोजायची ती पावसाच्या मिलिमीटरवर थांबून चालत नाही. खालच्या माणसांकडे काय होतं, रस्ता होता का, इशारा पोहोचला का, दुसरीकडे राहायला जागा होती का, हेही मोजावं लागतं. कोण दोषी, याचा निकाल आम्ही या व्यासपीठावरून देणार नाही, आमचा तो अधिकारही नाही. आम्ही एवढंच म्हणतो की शब्दाने चौकशीच्या आधी निकाल देऊ नये.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कुणी म्हणेल, "सर, शब्द बदलल्याने दरड थांबते का?" नाही थांबत. शब्दाने डोंगर सावरत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आपण कोणाच्या दारात जायचं, ते शब्दाने ठरतं. अडचण म्हटलं की शेजारी हजार रुपये काढून देतो. आपत्ती म्हटलं की तहसीलदार पंचनाम्याला येतात. जाच म्हटलं की साक्षीदार लागतो, पोलीस लागतात. व्यथा म्हटलं की कुणीतरी जवळ बसून ऐकायला लागतं. आणि भोग म्हटलं की कुणीच लागत नाही. माणूस एकटाच दार लावून बसतो. म्हणून 'भोग' हा शब्द दुसऱ्याच्या दुःखाला कधी लावू नये, असं आम्हाला वाटतं. स्वतःच्या दुःखाला लावून कुणाला धीर येत असेल, तर तो त्याचा प्रश्न. दुसऱ्याला लावला की आपली जबाबदारी संपते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक दुःखाला करणारा शोधायचा, हाही घोटाळाच आहे. आमच्या वयाच्या मंडळींना हे जास्त कळेल. पन्नास वर्षांचा जोडीदार गेला, ती व्यथा आहे. तिला 'समस्या' म्हणून कुणी उपाय सुचवू लागला, की सांत्वनाला आलेला माणूस नकोसा होतो. डॉक्टरांचं काही चुकलं का, आपलं काही चुकलं का, असा दोषी शोधत बसलं, तर रडायचंही राहून जातं. व्यथा या शब्दाच्या मुळाशी थरथरणं आहे. थरथरणाऱ्या माणसाला उत्तर नको असतं, हात हवा असतो.

तर मग कोडं सोडवणाऱ्यांनी काय करायचं? कोडी सोडवणं थांबवू नका. या वयात डोकं चालतं राहायला त्याच्यासारखा स्वस्त सोबती नाही. पण जाणते लोक एक सवय पाळतात, ती कोड्याबाहेरही उपयोगी आहे. ते सूचना वाचून सुचलेला पहिला शब्द पेन्सिलीने लिहितात, आणि छेदणारे दोन-तीन उभे शब्द लागल्याशिवाय त्यावर शाई चढवत नाहीत. घरात कुणी म्हणालं, "थोडा त्रास आहे," तर तो शब्द पेन्सिलीचाच समजा. उभे प्रश्न विचारा: कधीपासून, कुठे, कुणामुळे, की कुणामुळेच नाही? सूचनेला सात उत्तरं असू शकतात हे आपण मघाशी फळ्यावर पाहिलंच. त्यातलं यांचं कोणतं, ते शेजारची घरं भरल्यावर कळेल.

आणि कोडी तयार करणारं कुणी इथे बसलं असेल, तर त्यांना एक विनंती. 'त्रास, दोन अक्षरी' एवढ्यावर थांबू नका. 'दुसऱ्याने दिलेला त्रास' असं लिहा, म्हणजे जाच येईल. 'हलवता येणारं संकट' लिहा, अडचण येईल. 'जवळची दोन घरं सारखी, पण संपत्तीची उलटी बहीण' असं लिहा, आपत्ती येईल. सोडवणाऱ्याला चार मिनिटं जास्त लागतील. पण तो शब्द पुढच्या वेळी ऐकला, की त्याला त्याची जागा आठवेल.

आम्हाला सांगायचं होतं ते एवढंच. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर केला आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू या.